दुसरी डुरकी

आत्याबाईंनी मडक्याचं तोंड ओठांना लावलं आणि पोटातून डुरकी काढली.

माझ्या अंगावर काटा आला. माझी सासू, काडीसारखी वाळलेली बाई, केस पांढरे झालेले, आणि आवाज असा की शेजारच्या झुडपात एखादं थोराड जनावर उभं राहून खुरानं माती उकरतंय. मग त्यांनी मडकं मांडीवर ठेवलं, जवळचं सांबराचं झडलेलं शिंग उचललं आणि झाडाच्या सालीवर खसाखसा घासलं. साल खाली गळली.

"पान," माझ्याकडं न बघता त्या पुटपुटल्या.

मी अंजनीचं पान दोन्ही अंगठ्यांच्या मधे ताणून धरलं आणि हलकेच फुंकलं. मादीची बारीक, कण्हती साद. ती मला महिन्याभरात जमायला लागली होती.

मार्गशीर्षात सांबराचे नर माजावर येतात. एरवी वाळलं पान मोडलं तरी ज्याचे कान टवकारतात, ते जनावर त्या दिवसांत आंधळं होतं. दुसऱ्या नराची डुरकी ऐकली की भांडायला येतं, आणि तिच्यात मादीची साद मिसळली की कशाचाच विचार करत नाही. ही बोलावण्याची विद्या माझ्या सासरी होती. तेव्हा शिकारबंदीचा कायदा यायचा होता. वांजोळ्यात गावदेवीच्या जत्रेला एक सांबर मारायचं आणि ते आमच्या घरानं बोलवायचं, असा मान होता. आधी मामंजी बोलवायचे. ते गेल्यावर आत्याबाई बोलवू लागल्या, कारण दुसऱ्या कुणाला ती डुरकी साधली नाही. आता त्यांना ती माझ्या हाती द्यायची होती.

मी नवी सून. माहेरी मांस शिजत नव्हतं. पोरीला खायची सक्ती करायची नाही, असं लग्नात ठरलं होतं. बघायची सक्ती करायची नाही, असं काही ठरलं नव्हतं. शिवाय त्या महिन्यात माझं मौन असे. पहाटेची अंघोळ झाली की दिवेलागणीपर्यंत बोलायचं नाही, हा आईकडून आलेला नेम. सासरी सांगायला मी भ्याले होते. पण आत्याबाई म्हणाल्या, "बरंच झालं. रानात मुकंच माणूस पायजे."

आमच्या डोक्यावरच्या फांदीला तांबडं फडकं बांधलेलं होतं. बोलावणाऱ्यानं बसायच्या आधी ते बांधायचं, हा पहिला नियम. आवाज जनावराचा, अंग झुडपात दडलेलं. आपलाच माणूस आपल्यावर बार काढील. फडकं दिसलं की त्या अंगाला बंदूक फिरवायची नाही. आणि दुसरा नियम, बंदूकवाल्यानं तोंड उघडायचं नाही. डुरकी एकट्या बोलावणाऱ्याची. तिला उत्तर आलं, तर ते जनावरच असणार.

मामंजी त्या फडक्यामुळंच गेले होते. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. ह्याच डोंगरात, बोलवायला बसलेले असताना त्यांना गोळी लागली. त्या दिवशी रानात बऱ्याच बंदुका होत्या, आणि पहिला बार झाल्यावर जो तो पाल्यात बार काढत सुटला. कुणाची लागली ते कळलंच नाही. माणसं पोचली तेव्हा मामंजी थंड झाले होते आणि फडकं त्यांच्या कमरेलाच खोचलेलं होतं. म्हातारा बांधायला विसरला, असं सगळं गाव म्हणालं. आत्याबाई काही म्हणाल्या नव्हत्या.

पाला वाजला. समोरच्या उतारावरून एक नर उतरत होता. कोवळा होता, शिंगांना पुरते फाटेही फुटले नव्हते. मान ताणलेली, नाकातून वाफ, आणि त्याच्या पुढं त्याचा वास आला, उग्र, बोकडासारखा. खालच्या झाडाआड आमचे हे बसले होते. त्यांची ठासणीची बंदूक वर आली.

बार झाला. नर उडाला नाही, पडलाही नाही. त्याचं मागचं अंग खाली बसलं आणि पुढच्या पायांनी तो स्वतःला ओढत वर चढू लागला, आमच्याच दिशेनं, जिथून मादीची साद आली होती तिकडं. पोट फाटलेलं होतं. मागं पाचोळ्यावर काय काय लोंबत येत होतं. मी डोळे मिटून नाम घेऊ लागले, पण कान कसे मिटणार.

पलीकडच्या झुडपातून हैबतीभावजी उडी मारून आले. ह्यांच्या चुलत्याचा थोरला मुलगा, रुंद छातीचा, गावात सगळ्यांना हसवणारा माणूस. हातात कुऱ्हाड. त्यांनी शिंग धरून नराची मान मागं पिरगाळली आणि घाव घातला. पहिल्या घावात मान तुटली नाही. दुसऱ्यातही नाही. नर पाय झाडत राहिला आणि भावजी घाव घालत राहिले, कपाळावर, छातीवर रक्ताचे शिंतोडे घेत. मग सगळं थांबलं.

"काकी," ते धापा टाकत हसले, "तुझी डुरकी ऐकून मलाच शिंगं फुटल्यागत झालं बघ."

"फुटली तर सांग," आत्याबाई म्हणाल्या. "तुलाबी देवीला दावू."

"सर्ज्या," भावजी ह्यांच्याकडं वळले, "आरं पोटात घातलास की बार. समदी घाण मांसात. असला निवद दाखवायचा व्हय देवीला?"

"मान दिसली न्हाय दादा," हे ओशाळून म्हणाले. "पाला आडवा आला."

"मान दिसत नसती, मान ऐकू येती. पाला हलला की अंदाज घ्यायचा आन् बार काढायचा. बघत बसलास तर म्हातारा हुशील." मग माझ्याकडं वळून, "मुकी मैना काय म्हणती? बोलत न्हाय तवर सुख हाय सर्ज्या. एकदा का तोंड उघडलं, की तूच मौन धरशील."

हे हसले. मीही पदराआड हसले. भावजींचं बोलणं असं असे की राग यायचा नाही.

जनावर टांगायला वेल तोडायला म्हणून हे कोयता घेऊन खाली गेले. मी फडकं सोडायला उठले. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, अशी रीत होती, आणि सकाळी ते मी बांधलं होतं. दवानं गाठ आवळली होती. मी नखांनी उकलत राहिले.

भावजी गवताला कुऱ्हाड पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "दातानं सोड पोरी. भिजल्यावर नखानं न्हाय सुटायची. काकांच्या गाठीला मला दातच लावाय लागलं हुतं."

मी दात लावले आणि गाठ सुटली. वळून बघते तर आत्याबाईंचा हात थांबलेला. त्या पदरानं मडक्याची कड पुसत होत्या, तो पदर तसाच कडेवर राहिला होता.

"कवा रं हैबती?"

"काय कवा?"

"गाठ."

कुऱ्हाडीचं पातं गवतावरून एकदा गेलं, दुसऱ्यांदा जरा हळू गेलं. "आसंच. कवातरी एकदा. किती वर्सं झाली."

"त्यांची गाठ ते कुणाला सोडू देत नव्हतं."

"म्हातारपणी बोटं चालत नव्हती त्यांची, काकी."

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "तेबी खरंच." आणि पुन्हा मडकं पुसू लागल्या.

जनावर टांगून झालं. झऱ्यावर हातपाय धुऊन सगळ्यांनी भाकरी सोडली. माझं दुधाचं भांडं वेगळं. भावजींनी एक गोष्ट सांगितली, कुणा शिकाऱ्यानं म्हशीलाच गवा समजून बार काढला आणि मग म्हशीच्या मालकापुढं गव्यासारखा कसा पळाला त्याची. आत्याबाईही हसल्या. मग भाकरीचा चुरा झाडत त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या.

"वर अजून एक हाय."

"काय?" ह्यांनी विचारलं.

"थोरला. सकाळच्यापारी ऐकला म्या, खिंडीच्या अंगाला. ह्यो कोवळा देवीला पुरायचा न्हाय. आन् पोटातला बार. त्यो थोरला काढू."

"मला तर काय ऐकू आलं न्हाय," भावजी म्हणाले.

"तरण्या कानाला नुसतं जवळचं ऐकू येतं."

भावजींचे डोळे चमकले. थोरला नर म्हटलं की त्या माणसाला दम निघत नसे. "मी कुठं बसू, सांग."

"तू पल्याडच्या डोंगराच्या सोंडेवर जा. मी खाली डबक्यापाशी बसून बोलावते, लोळायला तिथंच उतरतोय त्यो. उतरला की तुझ्या पुढनंच जाईल. पर हैबती, तोंड आवर. उत्तर देऊ नगंस."

"काय काकी, लहान हाय व्हय मी?"

सगळ्यांना ठाऊक होतं की त्यांना ते आवरत नाही. भावजी घशातून बरी डुरकी काढायचे आणि त्यांना तिचा फार अभिमान होता. कुठं नर डुरकला की भावजी डुरकणार, त्याला डिवचणार, आणि डिवचत डिवचत रांगत जवळ जाणार. मामंजींनी त्यापायी त्यांना दोनदा पारधीतून काढलं होतं.

ते सोंडेकडं गेले. कारवीत त्यांचं मुंडासं दिसेनासं झालं तशा आत्याबाई उठल्या. पण डबक्याकडं उतरल्या नाहीत. मडकं आणि शिंग घेऊन वर चालू लागल्या, थेट खिंडीखालच्या कुंभ्याच्या झाडाकडं.

"आई, डबकं खाली ऱ्हायलं," हे म्हणाले.

"वारं फिरलंय. वर बसू."

"दादाला सांगाय पायजे."

"त्यो सोंडेवर हाय. सोंड लांब हाय, त्याला काय हुतंय. तू हितं त्या धोंड्याआड बस. मी डुरकले की दुसरी डुरकी यील. लांब असल तवर दम धर. कारवी हलली की बार काढ. सकाळसारखं मान बघत बसू नगंस."

"बरं."

आई सांगेल ते खरं, असा मुलगा. ते धोंड्याआड बसले. त्यांच्यापुढं गच्च कारवी होती, पुरुषभर उंच. आम्ही दोघी वरच्या अंगाला, कुंभ्याच्या बुंध्याशी. तिथून खालची कारवी जरा विरळ दिसत होती, हे मी बसताच पाहिलं होतं.

मी फडकं पुढं केलं. आत्याबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं, त्याची नीट घडी घातली आणि आपल्या कमरेला खोचली. मी वर फांदीकडं बोट दाखवलं.

"ऱ्हाऊ दे. थोरला हाय. त्याला तांबडं दिसतं."

जनावराला तांबडं दिसत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.

"आज पान नगं. नुसती बस."

त्यांनी मडकं उचललं. ती डुरकी सकाळच्यासारखी नव्हती. सकाळी त्या बोलावत होत्या. आता तिच्यात काहीतरी घोगरं, जुनं, थकलेलं होतं, म्हाताऱ्या नराचं. माझे सासरे कसे डुरकत ते मी कधी ऐकलं नव्हतं, पण ती त्यांची असावी असं मला वाटलं. खोरं भरून गेलं. मग शिंग सालीवर घासलं, पुन्हा डुरकी, आणि शांतता.

सोंडेकडून उत्तर आलं.

धोंड्याआड ह्यांची पाठ ताठ झाली. आत्याबाईंनी थोडं थांबून पुन्हा साद दिली, जरा हळू. उत्तर जवळ आलं. मी जपाची माळ छातीशी धरली. थोरला येत होता. मला त्याची दया येत होती आणि तो लवकर मरावा, सकाळसारखं होऊ नये, एवढंच मी मागत होते.

तिसरं उत्तर आलं तेव्हा तो कारवीत शिरला होता. शेंडे हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. वारा आमच्याच तोंडावर होता. आणि वास आला नाही.

सकाळच्या कोवळ्या नराचा वास त्याच्या आधी येऊन पोचला होता. हा एवढा थोरला, माजावरचा, वारा त्याच्याकडून, आणि रानात नुसता वाळल्या कारवीचा वास. मी मान लांबवून खाली पाहिलं.

कारवीची दोन धाटं बाजूला झाली. ती बाजूला करणारा हात होता. मनगटावर सकाळचं रक्त वाळलेलं होतं.

मी आत्याबाईंचा दंड धरला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या त्याच जागेकडं बघत होत्या, तो हात त्यांनाही दिसत होता. धोंड्याआड ह्यांची बंदूक वर आली, नळी हलत्या शेंड्यांवर येऊन थांबली. ह्यांना तिथून हात दिसत नव्हता, मुंडासं दिसत नव्हतं, नुसती कारवी हलताना दिसत होती. आत्याबाईंनी मडकं पुन्हा ओठांना लावलं आणि अगदी हलकी, जवळ ये म्हणणारी डुरकी काढली.

थोरला कोण, ते मला तेव्हा कळलं. आणि तो कुणाच्या हातून मरणार, तेही.

"माणूस हाय. मारू नका."

दिवसभर न वापरलेला आवाज. फाटका निघाला, पण निघाला. ह्यांच्या अंगाला झटका बसला, नळी वर गेली आणि बार कुंभ्याच्या शेंड्यात झाला. पानं आमच्या डोक्यावर पडली. धुरात काही दिसेना.

"माझं जनावर उठवलंस तू, वेणे," आत्याबाई म्हणाल्या. मोठ्यानं नाही. मीठ सांडलंस, असं म्हणावं तशा.

कारवीतून भावजी उभे राहिले. तोंडाचा रंग उडालेला, हातात बंदूक. "सर्ज्या, आंधळा झालास काय? मी हाय, मी." मग त्यांना वर आम्ही दिसलो. "काकी? तू तर खाली डबक्याला हुतीस."

आत्याबाई झाडापासून पुढं आल्या. भावजींनी त्यांच्या डोक्यावरच्या फांदीकडं पाहिलं. फांदी मोकळी होती. मग त्यांची नजर खाली आली आणि आत्याबाईंच्या कमरेला खोचलेल्या तांबड्या घडीवर थांबली. बराच वेळ तिथंच राहिली.

"काकी," ते म्हणाले, "तुझ्या पायाची आन घेतो. मला जनावरच वाटलं हुतं. काकांची डुरकी कशी हुती, तुला ठावं हाय."

"ठावं हाय. त्याचा राग न्हाय मला."

"मग?"

"फडकं वर हुतं न्हवं?"

"बार काढल्यावर दिसलं. आधी न्हाय दिसलं."

"तवा जित्तं हुतं का तुझं काका?"

हे रिकामी बंदूक घेऊन धोंड्यामागून वर आले होते. एकदा आईकडं, एकदा भावाकडं बघत होते.

"दादा, आई काय इचारती?"

"भ्यालो मी," भावजी म्हणाले. "नियम मोडून डुरकत गेलो हुतो. फडकं दिसत असताना मारलं म्हणलं असतं समद्यांनी. म्हणून म्हणलं, ते काढावं, कमरंला खोचावं." त्यांनी ओठ चाटले. "गाठ सुटंना. दव पडलं हुतं. काका बघत हुतं माझ्याकडं. पाणी दे म्हणलं. मी म्हणलं देतो काका, आदी एवढी गाठ सोडतो."

"आन् मग?"

"सुटस्तवर गेलं ते."

आत्याबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं त्या आता रडतील. त्यांनी डोळे उघडले आणि मुलाकडं पाहिलं.

ह्यांनी बंदूक टाकली. कमरेच्या आकडीतला कोयता कधी हातात आला, मला दिसलं नाही. पहिला घाव भावजींच्या डाव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, पण ऐकला तेव्हा ओळखला. भावजी गुडघ्यांवर आले. रक्त बंडीतून बाहेर यायला क्षणभर वेळ लागला, मग एकदम आलं. ह्यांनी त्यांना लाथ घालून आडवं पाडलं, पुन्हा एक लाथ तोंडावर घातली. भावजींची बंदूक त्यांच्या उजव्या हाताशी पडलेली होती आणि ती भरलेली होती. भावजींनी ती स्वतःच लांब सारली.

हे छातीवर बसले. डाव्या हातानं त्यांनी भावजींचे केस धरून डोकं मागं ओढलं, सकाळी सांबराचं ओढलं होतं तसं. भावजी त्यांच्याकडं बघत राहिले, हात वर केला नाही.

"मान," आत्याबाई म्हणाल्या. एवढंच.

कोयता वर गेला. मी धावले, पडले, काय केलं ते मला सांगता येणार नाही. मी हात मधे घातला एवढं खरं. दुखलं नाही. पातं गरम लागलं, इतकंच आठवतं. मग माझ्या हातातून रक्ताची चिळकांडी भावजींच्या तोंडावर उडाली आणि आधी मला वाटलं की त्यांचाच गळा कापला.

"हे काय केलंस," ह्यांनी विचारलं. मला की स्वतःला, कोण जाणे. कोयता खाली पडला. ते भावजींच्या अंगावरून उतरले आणि पाचोळ्यात हात घालून काहीतरी शोधू लागले. उजव्या हाताची माझी दोन बोटं होती ती, अंगठ्याजवळचं आणि मधलं. ती उचलून त्यांनी धोतराला पुसली, माझ्या हाताला लावून बघितली, पुन्हा पुसली, पुन्हा लावली. "लागंल, लागंल," म्हणत होते. माझ्याच्यानं त्यांच्याकडं बघवेना.

आत्याबाई उभ्या होत्या तिथंच किती वेळ उभ्या होत्या. मग त्या खाली बसल्या. रक्त थांबवणारा दगडीचा पाला ओरबाडून तळहातावर चोळला, माझ्या हातावर दाबला, आपल्या लुगड्याची पट्टी फाडून वर आवळली. मग दुसरी पट्टी फाडली आणि तशीच भावजींच्या खांद्याला बांधली. घट्ट बांधली. भावजी ओरडले तरी सैल केली नाही.

चौघं खाली उतरलो. सकाळचं सांबर झाडाला टांगलेलं तसंच राहिलं. भावजी पुढं, हात लोंबता, अडखळत; मागं आत्याबाई; मला ह्यांनी खांद्यावर घेतलं होतं. देवळापुढं माणसं वाट बघत होती. ढोलवाले ढोल शेकत होते.

"जनावर कुठाय?" कुणीतरी विचारलं.

भावजी देवळाच्या पायरीशी गेले. मला वाटलं पाणी मागतील. ते बसले नाहीत. उभ्या उभ्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं, काकांना मी मारलं म्हणाले, आणि गाठीचंही सांगितलं, पाण्याचंही. त्यांची बायको कळशी घेऊन धावत येत होती, ती मधेच थांबली.

पुढं फौजदार आला, कोर्ट झालं, भावजींनी शिक्षा भोगली आणि ते परत गावातच येऊन राहिले. खांद्याचं विचारलं तेव्हा ते कड्यावरून पडलो म्हणाले होते. बोटांचं मी वैरण तोडताना गेली म्हणाले. ते खोटं मी देवापुढंही बोलले, आणि त्यानं ऐकून घेतलं. हात बरा झाल्यावर मी जप अनामिकेवर करू लागले. जपाला दोन बोटांवाचून अडत नाही. ह्यांनी पुन्हा बंदूक धरली नाही. सांबराची साद आमच्या घरातून गेली, आणि मग काही वर्षांनी कायदाही आला.

आत्याबाई मात्र माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून नाही. घरात दोघी, चूल एक, आणि माझ्यासाठीचं बोलणं ह्यांच्याकडं: "तिला म्हणावं, ताक घुसळायचं ऱ्हायलंय." हे घरी नसले तर म्हशीला सांगायच्या: "म्हशे, दूध उतू चाललंय म्हणावं." मी मौन धरणारी बाई, पण असलं मौन मला जमलं नसतं. त्यांच्या नवऱ्याचं येणं मी वसूल होऊ दिलं नाही, आणि त्यांच्या मुलाचे हात मी वाचवले. दोन्ही त्यांना कळत होतं. त्यातलं एक त्या मला माफ करू शकत नव्हत्या.

पहिल्या दिवशी जेवायला बसले तेव्हा माझा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. डाव्या हातानं खायचं माझ्याच्यानं होईना. मी ताटापुढं तशीच बसून राहिले. आत्याबाई चुलीपासून उठल्या, माझ्यापुढं बसल्या, भात कालवला आणि भिंतीकडं तोंड करून घास माझ्या तोंडाशी धरला.

जखम भरली, उरलेल्या बोटांनी मी जेवायला शिकले. तरी रोज, दोन्ही वेळा, माझं ताट त्याच वाढत. भात कालवलेला असे, लहान लहान घास करून कडेनं मांडलेले असत, आणि आमटीतली मिरची काढून टाकलेली असे. अंथरुणाला खिळल्या त्याच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांनी ते केलं. माझं जेवण झालं की ताट उचलायच्या आणि माझ्याकडं न बघता घासायला घेऊन जायच्या.